नोंदणीतला नंबर

“ओटीपी गेलाय बघा मॅडम. शेवटी दोन-सात हाय तो नंबर,” ई-सेवा केंद्रातला प्रभु म्हणाला आणि सुकन्यानं चमकून मान वर केली. तो नंबर तिचा नव्हता, नवऱ्याचा, बिरुदेवचा होता.

नर्स म्हणून तिची नोंदणी झाली तेव्हा घरात एकच मोबाईल होता, आणि बाईमाणसाचा नंबर कुठं द्यायची त्यांच्यात रीतही नव्हती. दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचं काय ते नवराच बघायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला, आणि नोंदणीची मुदत कधी टळली हे हिला कळलंच नाही. मेट्रनबाईंनी काल बजावलं, नूतनीकरण झाल्याशिवाय वॉर्डात यायचं नाही. आयुष्यभर लोकांच्या शिरा शोधलेली बाई एका दिवसात बिनकामाची ठरली. राग तरी कुणावर काढायचा? मेट्रनबाईंचं चुकलं नव्हतं.

ओटीपीशिवाय नंबर बदलायचा तर मुंबईला अर्ज, आणि सरकारी काम, सहा महिने थांब. तोवर चूल कशावर पेटणार? प्रभुनं सुचवलं, तो नंबर आता ज्याला मिळाला असेल त्यालाच विचारून बघा.

नंबर तिला पाठच होता. पलीकडून हॅलो ऐकू आलं आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, “अहो...”

अकलूजकडचा कुणी कुंडलिक होता. ओटीपीचं नाव काढताच तो सावध झाला. असलं कुणाला सांगायचं नसतं, असं बँकवाल्यांनी त्याला बजावलेलं होतं.

“कुणाचा म्हणता हा नंबर?” त्यानं विचारलं.

“माझ्या मालकांचा.”

“मग त्यांनाच बोलायला लावा की.”

“ते न्हाईत आता.”

कुंडलिक म्हणाला, “बिरुदेव का? सुरवातीला लई लोक इचारायचे. आमी राँग नंबर म्हणून ठिवून द्यायचो.” आणि त्यानं एकेक आकडा सावकाश सांगितला.

अर्ज पुढं सरकला. “आता तुमचा नंबर टाकतो,” प्रभु म्हणाला. सुकन्यानं मान हलवली. वॉर्ड परत मिळणार म्हणून जीव भांड्यात पडायला हवा होता. तिला मात्र रडू फुटायला लागलं. पावती घेऊन ती बाहेर पडली.

शुक्रवार पेठेतल्या गल्लीत शिरली तोच फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, ‘संस्कृतीचे पप्पा’. लेकीच्या नावानं ठेवलेला तो नंबर तिनं कधी पुसलाच नव्हता. काम झालं का, हे विचारायला कुंडलिकनं लावला असणार. भला माणूस, उचलायला हवा होता. पण सुकन्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि फोन वाजेल तेवढा तिनं वाजू दिला.