एकच ठोका

मी एक जुनी घंटा आहे. जन्माने रुळाचा तुकडा. पण पोलादपूरच्या डोंगरातली आमची वाडी मला घंटा म्हणते आणि तो मान मी सोडणार नाही. मित्रांनो, आगगाडीची चाकं अंगावर झेलून झिजले, भंगारात पडले. तिथून वाडीतल्या कुशाबांनी मला खांद्यावर आणून फणसाला साखळीनं टांगलं.

माझी बोली सोपी. सावकाश ठोके म्हणजे बैठक, घाईचे ठोके म्हणजे वणवा.

सारिका वाडीची पुढारी झाली तेव्हा तिला एवढंही ठाऊक नव्हतं. मुंबईत वाढलेली सून ती. पहिल्याच बैठकीला तिनं मला धडाधड बडवलं. अख्खी वाडी आग झोडपायला हिरवे डहाळे घेऊन धावत आली.

“वणवा कुठं हाय गो?” आवडीकाकू म्हणाल्या. “तुझ्या पदराला तर नाय ना लागला?”

पुढच्या खेपेला तिनं बरोबर वाजवलं, तर आल्या फक्त कुशाबांच्या शेळ्या.

माणूस किती वाढलं हे खुर्चीवरून कळत नाही. माझं माप वेगळं. ठोका पडला की माझा नाद घुमत राहतो. तो विरायच्या आत किती दारं उघडतात ते बघायचं. तेव्हा एकही उघडत नव्हतं.

मग सारिका वाजवण्याआधी दारोदार फिरू लागली. बैठकीत आधी आवडीकाकूंना बोलू देई आणि त्यांचे टोमणे गिळी. मला नसतं जमलं. वर्षागणिक दारं लवकर उघडू लागली. महाडकडच्या तळीये गावावर दरड कोसळली, त्यानंतर सगळ्यांनी बसून ठरवलं, डोंगराला भेग दिसली की एकच ठोका. मग कुणी कुणाला उचलायचं आणि कुठल्या वाटेनं खालच्या शाळेत उतरायचं.

गेल्या आषाढात सारिका महाडला गेली होती. भर दुपारी आवडीकाकूंना वरच्या बांधाजवळ भेग दिसली. त्या धावत आल्या, हातोडा उचलला आणि थबकल्या.

“सारिका नाय वाडीत. माझं कोण ऐकंल?”

ठोका पडला. नाद विरायच्या आत सगळी दारं उघडली. सारिका कुठं आहे, असं कुणी विचारलंसुद्धा नाही. ठरल्याप्रमाणे तरण्या भरतनं म्हाताऱ्या कुशाबांना पाठीवर घेतलं, तर ते म्हणतात, “आधी शेळ्या सोड रे.”

संध्याकाळी दरड आली. वरची घरं गेली. माणूस एकही गेलं नाही.

सकाळी सारिका आवडीकाकूंबरोबर शाळेतून वर चढून आली. “काकू, नेमकी मीच नव्हते.”

“नव्हतीस तेच बरं. परत वणव्याचं वाजवलं असतंस.”

सारिका हसली, आणि माझ्यावर हात ठेवून रडली.

मित्रांनो, आगगाडीच्या भाराखाली मी वाकले नाही, पण त्या दिवशी नमले. ठोका पडला तेव्हा ती वाडीत नव्हती, आणि एवढी मोठी ती मला कधी दिसली नव्हती.

पावसाआधी माझी साखळी तपासत जा. गंमत म्हणून मला वाजवू नका. आणि लोकांना हाक घालायचीच असेल, तर आधी त्यांच्या दारी जाऊन या.