एप्रिलमधली गाभोळी

माशाचं खवलं नखाएवढंही नसतं. उजेडासमोर धरून भिंगातून पाहिलं, तर त्यावर एकीभोवती एक अशा बारीक रेषा दिसतात. उन्हाळ्यात मासा भराभर वाढतो, तेव्हा रेषा एकमेकींपासून लांब पडतात. हिवाळ्यात वाढ मंदावली की त्या दाटीने बसतात. दाट पट्टे मोजले की माशाने किती हिवाळे काढले ते कळतं.

नीलाने सिंकच्या कडेला चिकटलेलं खवलं खिडकीशी धरलं. दोन हिवाळे. बादलीतल्या आणखी एका माशाचं पाहिलं. दोनच. परदेशात येऊन ट्रॉयमध्ये घर घेतलं, त्या वर्षी गावाजवळच्या याच तळ्यातल्या पर्च माशांच्या खवल्यांवर चार-पाच पट्टे सहज दिसायचे. एका बादलीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तिला कॉलेजातच शिकवलं होतं. पण ही काही पहिली बादली नव्हती.

तिने भिंग ठेवून सुरी उचलली. मान भरून आली होती. आठवडाभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभं राहायचं आणि शनिवारी संध्याकाळी इथे. बाहेर हॉलमध्ये टीव्हीवर पिस्टन्सची बास्केटबॉल मॅच लागली होती. तिचा नवरा सत्यजित आणि त्याचा मित्र गुरुदत्त, दोघेही एकाच मोटार कंपनीतले, सोफ्यावर पाय पसरून बसले होते.

"वहिनी, गाभोळी वेगळी काढा हं!" गुरुदत्त ओरडला. "आज एकेक मासा नुसता टम्म आहे!"

होताच. सुरी लावली की पोटातून अंड्यांची पिवळी पिशवी बाहेर येई. तळ्यावरचा बर्फ वितळून पाणी जरा ऊबदार झालं, की पर्चच्या माद्या खोल पाणी सोडून ओढ्याच्या तोंडाशी, उथळात येतात आणि पाणगवतावर लांब फितीसारखी अंडी घालतात. नीलाला हे पुस्तकातून माहीत होतं, सत्यजितला अनुभवातून. दोघांनी त्या माहितीचं जे केलं, त्यात मात्र फरक होता.

ती इतके दिवस बोलली का नव्हती? एकदा सहज विषय काढला, तेव्हा "आल्या आमच्या सायंटिस्ट!" म्हणून सगळे हसले होते. शिवाय कंपनीत माणसं कमी करायला सुरुवात झाल्यापासून सत्यजित फक्त तळ्याकाठीच मोकळा श्वास घेई. ते त्याच्यापासून काढून घ्यायचं? आणि सासूबाई अलिबागहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना गाभोळी आवडते, असं सत्यजित येता-जाता सांगे. थकलेलं माणूस वाद पुढे ढकलतं. आपल्या किती घरांत असे वाद ओट्याशीच जिरून जातात!

जेवायला बसल्यावर सत्यजितने तळलेल्या गाभोळीचा मोठा तुकडा आईच्या ताटात वाढला. त्यांनी तो बोटाने बाजूला सारला.

"का गं आई? खास तुझ्यासाठी आणली."

"तेच तर. खास म्हणून आणलीस?"

"अगं, तू तर घरी आवडीने खायचीस."

"खायचे. जाळ्यात जे यायचं त्यात एखादीला गाभोळी निघायची, ती पोरांच्या वाट्याला. पण तिच्याचसाठी म्हणून कोणी होडी काढली नाही. आणि पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर. नारळी पौर्णिमेपर्यंत सुकटीवर भागवायचो."

"काकू, इथे सगळं लीगल आहे," गुरुदत्त म्हणाला. "लायसन्स आहे, लिमिटच्या आत आहे. गोरे लोकही पकडतातच की यार."

"असेल बाबा. मला सांग, थंडीत तुम्ही काय करता?"

"बर्फाला भोक पाडून तासन्‌तास बसतो. हात लाकडासारखे होतात. उन्हाळ्यात मासे खोल जातात. मग पहाटे उठून गळ किती खाली सोडायचा ते शोधत बसायचं. ऑक्टोबरमध्ये वेगळंच आमिष."

"आणि आत्ता?"

"आत्ता काय, टेक्निकच लागत नाही! गळ टाकला की वर!" गुरुदत्त हसला.

"बाळंतपणाला माहेरी आलेल्या पोरीला दारातच धरायचं. त्याला कसली रे मासेमारी म्हणायची?"

गुरुदत्तचं हसू विरलं. "काकू, आपण चार दिवसांचे पाहुणे. आपलं तळं थोडंच आहे?"

"घर तुमचं, अंगण तुमचं, पोरं इथल्या शाळेत, आणि तळं तेवढं परक्याचं?"

सत्यजित ताटाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मासे लहान होत चाललेत. मलाही दिसतंय. पण मी तिथे जातो ते शांत वाटतं म्हणून, नीला. तिथे मला कोणी काही विचारत नाही."

"माहीत आहे मला. म्हणून तर गप्प राहिले," नीला म्हणाली. "पण शांत बसायला बादली भरावी लागते का रे?"

सत्यजितने मान हलवली. "नाही लागत," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदाच जरा सैलावला.

केवढी साधी गोष्ट होती! कायदा अडवत नाही, म्हणून सगळंच करायचं नसतं. आणि ज्या गावात आपण राहतो, तिथलं पाणी आपलंच असतं. मग आपला जन्म कुठल्याही किनाऱ्यावर झालेला असो.

"पुढच्या शनिवारचं काय मग?" गुरुदत्तने चाचरत विचारलं.

सत्यजितने नीलाकडे पाहिलं. तिने हात पुसले आणि तीन वसंत मनातच राहिलेलं वाक्य शांतपणे बोलून टाकलं:

"अंडी घालून माद्या खोल पाण्यात परतेपर्यंत या घरातून कोणी गळ घेऊन जाणार नाही. आणि त्यानंतर जो मासे धरेल, तोच ते साफ करेल. मी करणार नाही."