पाइपांचं गाणं

कारखानदार गरुडाने माइकवर जोरात फुंकर मारली आणि थुंकीचे शिंतोडे जाळीवर चमकले. मागे ड्रमचे स्क्रू आवळत बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी नजर फिरवली. त्या गुरांच्या डॉक्टर. सकाळीच एका अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आल्या होत्या, तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं. इथे मात्र त्या शिंतोड्यांकडे बघवेना.

कॉलेजात त्यांचा तिघांचा रॉक बँड होता. गरुड गायचा, बाई ड्रम बडवायच्या आणि बारक्या गिटार वाजवायचा. गाणीही तोच लिहायचा. बारक्या आता नव्हता. गरुडाकडे वडिलांचा प्लास्टिकच्या पाइपांचा कारखाना होता, काळेकुळकुळीत रंगवलेले केस होते आणि पोटावर ताणलेलं चामड्याचं जाकीट. कारखान्याच्या सुवर्णमहोत्सवात जुने दिवस जागवू या, म्हणून त्याने बोलावलं आणि बाईही हुरळून आल्या.

"शब्द जरा बदललेत हं. चाल तीच," म्हणत त्याने गायला सुरुवात केली.

बाईंचे हात जागीच थांबले. ओढ्याचं पाणी काळं करणाऱ्या याच कारखान्यावर बारक्याने ते गाणं लिहिलं होतं. गरुडाने ते आपल्याच बापाच्या कारखान्याच्या फाटकासमोर उभं राहून, घसा फाटेस्तोवर म्हटलं होतं. आता त्यात घरोघरी शुद्ध पाणी खळाळत होतं.

"लाज नाही वाटत तुला?"

"अगं, पोरं होतो आपण! पण ती धुंदी काय होती, नाही? आठवलं की अजून काटा येतो बघ."

त्याने बाही वर केली. केस खरंच उभे राहिले होते. बाईंना तेच सगळ्यात किळसवाणं वाटलं.

त्या काठ्या पिशवीत कोंबून उठल्या, तोच दारातून बारक्याची आई आत आली. संध्याकाळी तिचाही सत्कार होता.

"निघालीस? मी मुद्दाम तालमीला आले ना!"

"काकू, ऐकू येतं का आता?" बाईंनी तिच्या कानाशी वाकून विचारलं.

"कसलं बाई! पण तुझा तो मोठा ड्रम छातीत कळतो. फळीवरची भांडी पडायची आमच्या, किती ओरडायचे मी!" काकू खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी ड्रमच्या कडेला तळवा टेकवला. "बारक्याचंच गाणं ना?"

"त्याचंच! शब्दन् शब्द!" गरुड ओरडला.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्या बाईंच्या तोंडाकडे बघत होत्या. बाईंना 'हो' म्हणून मान हलवावी लागली. पिशवीतून काठ्या काढून त्या पुन्हा बसल्या.

गरुडाने पहिली ओळ उचलली आणि बाईंनी झांजांवर असा काही मार दिला की तो दचकला.

"अगं हळू! शब्द ऐकू येत नाहीत!"

त्यांनी आणखी जोर लावला. मग काकू गायला लागल्या. बहिऱ्या माणसाचा मोठा, बेसूर आवाज, पण शब्द बारक्याचे, एकही न गाळता. बाईंनी झांजा सोडून दिल्या आणि नुसता मोठा ड्रम चालू ठेवला. गरुडाने माइक खाली केला.

काळ्या पाण्याची ओळ आली, तेव्हा समोर खुर्च्या मांडणारे दोघे कामगार थांबले आणि एकमेकांकडे बघून हसले.