पितळी पट्टीवाली पाठपिशवी

मी पाठपिशवी बोलतेय. पैनगंगेच्या काठी, पालथ्या घातलेल्या डोंग्याला टेकून बसले आहे. आसपास कुणी नाही तोवर बोलून घेते. माणसं जमली की भाषणं सुरू होतात आणि माझी पाळी येत नाही.

माझा जन्म लढाईसाठी झाला. जाड कॅनव्हासला मेण पाजून, शिवणींवर रबराच्या पट्ट्या चिकटवून मला घडवलं. शिपाई नदीतून गेला तरी पाठीवरचं सामान कोरडं राहावं, एवढंच माझं काम. पण मी तयार झाले आणि लढाईच संपली. मग लिलाव झाला आणि पुढची काही वर्षं मी कारंज्याच्या एका दुकानात, मिरच्यांच्या पोत्यांशेजारी गिऱ्हाइकांच्या शिंका ऐकत काढली.

स्वराज्य आलं, पाठोपाठ समित्या आल्या. पावसाळ्यात पैनगंगा फुगली की पलीकडच्या तांड्याची वाट बंद व्हायची. तिथे हिवतापाचा मुक्काम. दवाखान्यातलं कोयनेल लाकडाच्या डोंग्यातून जाई, आणि डोंग्यात माणसांच्या बरोबरीनं पाणीही बसलेलं असे. औषधाच्या पुड्या भिजत. म्हणून टिकाऊ पिशवी निवडायला समिती नेमली. अध्यक्ष केनवडचे गुलाबराव. ते निवडणुकीला उभे राहणार होते, हे वेगळं सांगायला नको.

उमेदवार तीन: मेणकापडाची पिशवी, पट्टे लावलेली पत्र्याची पेटी आणि मी. आमच्यात ज्वारीचं पीठ भरलं आणि डोंगेवाल्या नथ्थूनं आम्हांला दोरीनं नदीत सोडलं. पीठ गुलाबरावांच्याच घरचं. त्यांच्या पत्नी गिरजाबाई काठावरून म्हणाल्या, "पीठ पान्यातच घालाचं होतं, तर मायी परात काय वाईट होती?"

मेणकापड घडीवर चिरलं. पेटीतलं पीठ असं मळून निघालं की नुसती भाकर थापायची बाकी. माझं पीठ कोरडं ठणठणीत. मला जन्मात पहिल्यांदा अभिमान वाटला.

मग घडणीची परीक्षा. समितीतले जगदेव मास्तर मला उलटसुलट करून पाहत होते. पानाच्या चंचीला कप्पा नाही म्हणून त्यांनी नाक मुरडलं. गुलाबरावांनी मला पाठीवर घेतलं, पण उपरणं पट्ट्यात अडकलं. तेव्हा मला डोक्यावर ठेवून ते म्हणाले, "ओझं डोक्यावरच शोभते." माझे पट्टे त्यांच्या कानांवर लोंबत होते. तरीही मी पास झाले.

पास झाले, तिथेच घात झाला. आपल्याकडे साधा पेला घरात आला तरी त्यावर नाव घातल्याशिवाय चैन पडत नाही. मग मी कशी सुटणार? गुलाबरावांनी कासाराकडून पितळी पट्टी करून आणली: 'पाण्याला अभेद्य. निवड: गुलाबराव.' ती माझ्या बुडाजवळ रिबिटांनी ठोकायची ठरली.

नथ्थू म्हणाला, "भाऊ, चांगल्या पिशवीले भोकं काहून पाडून राह्यले?"

गुलाबराव म्हणाले, "अरे, भोकावर पितळ बसते ना! पितळ पान्याले घाबरते काय?"

हातोडा पडला, टाळ्या पडल्या.

त्याच श्रावणात तांड्यावरची रुपाबाई दवाखान्यात आली. तिचा एकुलता एक सोमला तापानं बडबडत होता. पट्टीवरची अक्षरं तिला वाचता येत नव्हती. पण पास झालेली पिशवी आहे असं तिला सांगितलं आणि तिनं विश्वास ठेवला. पुड्या माझ्यात घातल्या. नदी जोरात होती. डोंग्याच्या तळाशी साठलेल्या पाण्यात मी बसले होते आणि रिबिटांच्या कडेनं पाणी आत येत होतं. मला ते कळत होतं, पण ओरडता येत नव्हतं.

झोपडीत तिनं मला उघडलं. पुड्यांचा लगदा झाला होता. ती खाली बसली. "मी लय भरोसा ठेवला व बाई तुयावर," एवढंच ती म्हणाली. मला फार लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. मग तिनं मला वाटीवर तिरपं धरलं, लगदा पिळला आणि ते कडू पाणी घोट घोट सोमलाला पाजलं. त्यात औषध किती आणि पैनगंगा किती, देव जाणे. रुपाबाईचं नशीब म्हणून पोरगा वाचला.

पूर ओसरल्यावर गुलाबराव तांड्यावर आले, हार घालून घेतले आणि म्हणाले, "पुडी गिळाले लोकं कुरकुर करतात. आमच्या पिशवीत दवाई विरघळूनच येते!" जगदेव मास्तरांनी मान डोलावली. माझ्यासारख्या आणखी पिशव्या घ्यायच्या आणि सगळ्यांना पट्ट्या ठोकायच्या, असा ठराव झाला. मला मानाची दुसरी पट्टी मिळणार आहे. कासार येतोच आहे.

बाबांनो, माझी एक विनंती ऐका. नाव घालायचंच असेल तर खुशाल घाला. पण मग माझ्यात औषध ठेवू नका. भाषणं ठेवा. ती भिजली तरी कुणाचं पोर दगावत नाही.