मलखाझचं कोपर

एलिसो माझ्या खांद्याएवढीही नाही, पण ज्युदोच्या सरावात तिनं माझी गळपट्टी धरली आणि माझं अंग ताठ झालं.

"ओनिसेदादा, अंग सोडा की," ती म्हणाली. "मी काय खाते का तुम्हाला?"

सोडायचं कसं? आमच्याकडे जत्रेत सनई-ढोलाच्या तालावर चिदाओबा नावाची कुस्ती खेळतात. पाठ जमिनीला लागली की कुस्ती गेली, मग वर्षभर गावाची बोलणी खायची. त्यामुळे लहानपणापासून माझ्या अंगाला एकच ठाऊक: पडताना हात रोवायचा, काहीही करून पाठ वाचवायची. माझ्या चुलतभावानं, मलखाझनं, असाच हात रोवला होता. कोपर मोडलं ते मोडलंच. आमच्या बेकरीतली तंदुरासारखी भट्टी तोच लावायचा. आता तो खिडकीत बसून डाव्या हातानं पाव विकतो आणि भट्टीवर मी असतो.

आमच्या तेलावी गावात हिवाळ्यात जत्रा नसतात, अंग मात्र गप्प बसत नाही, म्हणून मी ज्युदोच्या वर्गात आलो. पहिल्याच दिवशी सवयीनं एलिसोचा पाय धरला. नोदार मास्तर खेकसले, "पायाला हात लावायचा नाही इथं!" तेही जमलं. पण पाठीवर पडायचे धडे सुरू झाले आणि माझं घोडं अडलं. तोल गेला की हात आपोआप खाली जायचा, आणि दर वेळी मास्तर धावत येऊन मला वरच्या वर झेलायचे.

आज बाकावर मलखाझ येऊन बसला होता. त्याला बघून मी माझं कोपर चाचपलं. हा हात गेला तर भट्टी कोण लावणार? दोन घरं त्या भट्टीवर जेवतात.

"घाबरतोस?" मास्तरांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. एवढ्या मोठ्या देहाला लाज वाटायला हवी होती, पण भीतीपुढे लाजेला जागाच उरली नव्हती.

"भट्टीच्या भिंतीवर पाव कसा लावतोस?"

"थापतो आणि हात काढतो."

"तिथं हात टेकवून उभा का राहत नाहीस?"

"भाजेल ना, मास्तर!"

"मग ही चटई भट्टी समज. टेकायचं नाही, थापायचं. एलिसो, उचल याला."

तिनं कंबर आत घातली. पाय सुटले. हात खाली निघाला, रोवायलाच निघाला होता, आणि मला खरंच चटका बसल्यासारखं झालं. मी चटईवर सपकन थाप मारली. पाठ टेकली. पूर्ण टेकली.

डोळे उघडायची हिंमत होईना.

"बोटं हलव!" मलखाझ ओरडला.

हलली. कोपर वाकलं, सरळही झालं. वर्गातले सगळे टाळ्या वाजवत होते. मलखाझ तेवढा हलला नाही. आपला वाकडा हात मांडीवर घेऊन तो माझ्या हाताकडे बघत होता.

"परत पड," तो म्हणाला. "हळू पड. मला नीट बघू दे."