तीन चुटक्या

चौथीच्या बाईंचा वर्गात एक दंडक होता. प्रश्न विचारायचा, तीन चुटक्या वाजवायच्या, तेवढ्यात उत्तर आलं तर ठीक, नाहीतर "बस खाली, पुढचा!" बाईंच्या या शिस्तीचं साऱ्या शाळेत कौतुक. कौतुक करणाऱ्यांचं काय जातं म्हणा!

त्या वर्गात एक मुलगी होती. प्रश्न तिच्या डोक्यात उतरायला वेळ लागायचा आणि उत्तर वर यायला त्याहून जास्त. ती उभी राहायची, ओठ हलवायची, तोवर तिसरी चुटकी वाजलेली असायची. बाईंनी तिला नाव ठेवलं, गोगलगाय. प्रेमानेच हं! पण पोरांना काय, निमित्त हवंच असतं. मधल्या सुट्टीत सगळी पोरं तिच्यामागे चुटक्या वाजवत फिरायला लागली.

"हिला इथे झेपायचं नाही," एका शुक्रवारी बाईंनी मोठ्या बाईंना सांगून टाकलं. "अशा मुलांसाठी वेगळी शाळा असते की, तिथे पाठवा."

"सोमवारी आईला बोलावते," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तसं करू."

त्याच संध्याकाळी ते सुरू झालं.

बाई ओट्यापाशी भांडी विसळत होत्या. पाठीमागून बारीक आवाज आला, "उष्णतेने, बाई." हातातला पेला निसटला. वळून बघतात तो मागे कुणी नाही. सकाळी वर्गात त्यांनीच विचारलं होतं, पाण्याची वाफ कशाने होते.

मनाचे खेळ, दुसरं काय! पण शनिवारी कपडे वाळत घालताना, "बहात्तर, बाई." मग जिन्यात, अगदी कानाशी, "पूर्वेला, बाई." उत्तरं सगळी बरोबर, फक्त उशिरा.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसत सुटला. "शाळा घरी आणू नकोस म्हणून कानीकपाळी ओरडतोय. आता बघ, वर्गच आला मागोमाग!"

बाईंना कुठलं हसू यायला? अंगावर काटा आणणारी गोष्ट निराळीच होती. त्या मुलीचा आवाज त्यांनी आजवर धड ऐकलाच नव्हता. एक वाक्य पुरं होऊ दिलं असेल तर शपथ! मग हा आवाज तिचाच, हे त्यांना कळलं कसं? रविवारी त्या कानांत कापसाचे बोळे घालून बसल्या, तर आवाज बोळ्यांच्या आतून आला. त्यांना भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही लाज वाटली. उद्या शब्द फिरवायचा, पोरीला इथेच ठेवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं.

सोमवारी मोठ्या बाईंच्या खोलीत आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. मुलगी तिच्या हाताला चिकटून उभी.

"आमच्या बाजूची सगळी मुलं इथेच येतात हो," आई काकुळतीला येऊन सांगत होती. "हिचा दादा इथेच आहे. हिला एकटीला कुठे लांब पाठवू?"

"नका पाठवू," बाई म्हणाल्या. "माझा शब्द मी मागे घेते."

मोठ्या बाई बघतच राहिल्या. बाई मुलीपुढे वाकल्या. "बाळा, राहशील ना माझ्या वर्गात?"

मुलीचे ओठ हलले. बाईंचं बोट सवयीने अंगठ्याकडे गेलं, तशी त्यांनी मूठ घट्ट मिटली. आई पोरीच्या वतीने बोलायला गेली, तर तिला त्यांनी खुणेनेच गप्प केलं. बाहेर तास बदलला, पोरांचा कल्ला उठला आणि विरला. बाई थांबून राहिल्या. जन्मात कधी कुणासाठी थांबल्या नव्हत्या इतक्या थांबल्या.

"नाही, बाई," मुलगी म्हणाली.

तोच आवाज, तसाच्या तसा.

"का गं?"

पुन्हा तेवढाच वेळ गेला.

"तुम्ही थांबाल, बाई. पण आता सगळेच चुटक्या वाजवतात." ती क्षणभर आईकडे बघत राहिली. "घरी दादापण वाजवतो."

आईने चमकून लेकीकडे पाहिलं. हे तिला ठाऊकच नव्हतं.

"मग काय करायचं, बाई?" मोठ्या बाईंनी विचारलं. खोलीतल्या तिघीही चौथीच्या बाईंच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि बाईंचे ओठ नुसतेच हलत होते.