रिकाम्या तांब्यात हात

माझ्या जिभेला हाड नाही असं आख्खी सातपाटी म्हणते. म्हणू दे, खोटं नाही ते. पण श्रावणापासून कार्तिकापर्यंत एक गोष्ट माझ्या घशात अडकून बसली होती आणि काही केल्या बाहेर येत नव्हती.

आमच्याकडे वलांड्यांच्या जागा देवी वाटून देते. वलांडी म्हणजे वाळूत रोवलेले उभे बांबू आणि त्यांना बांधलेले आडवे. त्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीनं टांगायचे आणि सुकवायचे. किनारा एवढासा, आणि आमच्या आळीतल्या बायका सतरा. म्हणून नारळी पुनव झाली की येणाऱ्या मंगळवारी गावदेवीच्या देवळात पितळी तांब्यात सतरा चिठ्ठ्या टाकायच्या, आणि एकेकीनं उचलायच्या. लहान सुना आधी, म्हाताऱ्या नंतर, कारण म्हातारीला हाव कमी असं आमच्यात मानतात. चिठ्ठ्या लिहिणारी सगळ्यांत शेवटी, म्हणजे कुणाला शंका नको. लिहिणारी मी. दहावी पास, बायकांच्या मंडळाची सेक्रेटरी, अक्षर मोत्यासारखं.

जागाजागांत जमीन-अस्मानाचा फरक. चार नंबर बंधाऱ्याला लागून, उंचावर, दिवसभर ऊन. सतरा नंबर खाडीच्या तोंडाशी, उधाण आलं की पाणी थेट आत. गेल्या वर्षी सतरा मला लागला होता. दोनदा माल भिजला, अळ्या पडल्या, शेवटी कोंबड्यांच्या खाद्यात गेला. त्याच वर्षी माझ्या सपनाचं पालघरला नर्सिंग सुरू व्हायचं होतं, ते राहून गेलं. पोरगी बोईसरला कारखान्यात पॅकिंगला जायला लागली. सकाळी ती डबा घेऊन निघाली की मला देवीचा राग यायचा.

गावात तरी दुसरं काय चाललं होतं? बंदर येणार म्हणून दोन तट पडलेले. माझा नवरा देवू मोर्चाला जायचा आणि त्याचा सख्खा भाऊ बंदराच्या बाजूनं. दोघं एकाच बोटीवर खलाशी, पण एकमेकांशी बोलत नव्हते. मासळी रोडावलेली, मोबाइल उघडला की कुठं युद्ध, कुठं वादळ. मी म्हणायचे, वरून कुणी बघत असतं तर हा असा गोंधळ झाला असता का? यावर गोदूमावशीचं उत्तर ठरलेलं. ती म्हणायची, "माणसं भांडतात, भांडून दमतात. आई दमत नाय. तिची नजर हाय."

गोदूमावशी माझ्या मागल्या गल्लीत राहते, सत्तरी ओलांडलेली विधवा. मी लग्न होऊन आले तेव्हा बोंबील टांगायला मला तिनंच शिकवलं. तिच्या त्या शांतपणाची मला तेव्हा चीड यायची.

यंदा चिठ्ठ्या लिहायला बसले. एकेक लिहिली, घडी घातली, तांब्यात टाकली. चारची चिठ्ठी मुठीतच राहिली. ठरवून केलं असं म्हणायला आजही जीभ धजत नाही, पण न ठरवता मूठ मिटत नाही हेही मला कळतं.

देवळात सोळा जणींनी सोळा चिठ्ठ्या उचलल्या. तांब्यात किती आहेत ते कुणी मोजलं नाही. हेमालीनं लिहिल्यात म्हटल्यावर कोण मोजणार? सोळावी गोदूमावशी. तिच्या डोळ्यांना बारीक दिसत नाही, म्हणून चिठ्ठी तिनं माझ्याकडेच दिली. मी वाचली, "सतरा." तिनं ती परत घेतली आणि कपाळाला लावली. अर्चना, सगळ्यांत तरणी सून, म्हणाली की आजी, माझी नऊ घे, मी खाडीशी बसते. मावशी म्हणाली, "आईनं मला दिली ती मी दुसरीला कशी देऊ?"

मग मी रिकाम्या तांब्यात हात घातला. बोटं तळाला लागली, पितळ थंडगार होतं. मूठ तशीच वर काढली आणि सगळ्यांसमोर उघडली. चार. बायका म्हणाल्या, यंदा आईनं हेमालीकडं बघितलं. मी हो म्हणाले, तेही हसून.

माल असा सुकला की विचारू नका. पांढराशुभ्र. पालघरचा व्यापारी स्वतः येऊन घेऊन गेला. सपनाच्या प्रवेशाचं पुन्हा बोलणं सुरू झालं. आणि रोज सकाळी डोक्यावर टोपली घेऊन गोदूमावशी माझ्या वलांडीपाशी थांबायची, म्हणायची, यंदा तुझ्या पोरीचं होणार बघ. मी तिच्यावर खेकसायला लागले. टोपली बाजूला धर, ऊन अडवू नको, असलं काहीतरी. ती पुढं गेली की मला माझीच किळस यायची, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खेकसायचे.

दिवाळीनंतरच्या पुनवेला लांब समुद्रात वादळ होतं. बोटी आदल्या दिवशीच आत आल्या होत्या. भर दुपारी भरती चढली ती थांबेचना. खाडीच्या तोंडाचे बांबू एकामागून एक आडवे झाले. गोदूमावशी कमरेइतक्या पाण्यात उतरून पदरात बोंबील गोळा करत होती. बाप्यांनी ओढून बाहेर काढली तेव्हा तिचा उजवा हात मनगटात लटकत होता. मी चार नंबरवरून हे सगळं बघत होते. माझ्या पायाला पाणीसुद्धा लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्यासाठी भाकरी आणि कालवण घेऊन गेले. घरी नव्हती. हाताला प्लास्टर, आणि ही बाई किनाऱ्यावर पडलेल्या बांबूंजवळ बसून डाव्या हातानं दोऱ्या सोडवत होती. मी म्हणाले, मावशी, आता यंदा पुरे कर. तर ती म्हणाली, "आईला माझ्याकडनं काय तरी पायजे असंल गं. उगाच नाय निवडून दिली ही जागा."

त्या 'निवडून'नं माझं सगळं अवसान गळालं. मी डबा वाळूत ठेवला आणि सांगून टाकलं. मुठीतली चिठ्ठी, रिकामा तांब्या, सगळं.

मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे माझ्या पाळीला आत एकच चिठ्ठी होती," ती म्हणाली.

"हो."

"मग आईनं काय निवडलं? तू तिला निवडायला ठेवलंच नाय."

तेव्हा ती मला पहिल्यांदा म्हातारी दिसली. मासळी गेली त्याचं तिला काही नव्हतं, मासळी पुन्हा येते. ज्याच्या आधारावर ती तीन महिने चिखलात हसत उभी होती, ते मी काढून घेतलं होतं. मला रडू फुटलं. वाटलं, न सांगताच मेले असते तर बरं होतं.

तिनं दोऱ्या खाली ठेवल्या, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि देवळाकडं चालायला लागली. वाटेत एवढंच म्हणाली, की ज्या उचलून गेल्या त्यांच्यासमोर मंगळवारी मंडळात तू तुझ्या तोंडानं सांगशील, आणि पुढल्या वर्षी चिठ्ठ्या अर्चना लिहील. आज चिठ्ठीला मागं राहिलो आपण दोघी, तेवढं उरकू.

तिच्या सांगण्यावरून मी पुन्हा दोन चिठ्ठ्या लिहिल्या. चार आणि सतरा. तिच्या डोळ्यांदेखत दोन्ही तांब्यात टाकल्या. वर्षभरात देवीपुढं मी हात जोडले नव्हते, ते तेव्हा जोडले. सतरा मला दे म्हणाले. चांगुलपणानं नाही, सुटका हवी होती म्हणून.

मावशीनं डावा हात घातला, चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढं धरली. म्हणाली, "वाच."

ज्या हातानं फसवलं त्याच हातात तिनं पुन्हा चिठ्ठी दिली. मी उघडली. सतरा होता.

खोटं सांगायचं अगदी ओठांवर आलं. चार म्हणाले असते तर तिला कोरडी जागा मिळाली असती, मला माझी शिक्षा, आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. तोंड उघडलंसुद्धा. मग समोर तांब्या दिसला आणि कळलं, की मी पुन्हा तेच करायला निघाले होते. देवीनं काय द्यावं ते मीच ठरवत होते.

"सतरा," मी म्हणाले.

मावशीनं चिठ्ठी माझ्या हातून घेतली आणि कपाळाला लावली, श्रावणात लावली होती तशीच. तिचा चेहरा सैलावला. "आता खरी," ती म्हणाली. "घाल हात."

मी हात घातला. या वेळी तळाला चिठ्ठी होती. चार. चोरून जी हंगामभर मिरवली ती जागा माझीच निघाली. तीन महिने तोंड चुकवलं, म्हातारीवर खेकसले, ते कशासाठी? मी गयावया केली, मावशी बदलून घे, पाया पडते. तिनं ऐकलं नाही.

"माझा एक हात कामाचा नाय," ती म्हणाली. "बांबू उभे करायला चल."

संध्याकाळपर्यंत मी खाडीच्या तोंडाशी चिखलात खड्डे खणत होते. ती कडेला बसून कुठला बांबू वाकडा आहे ते सांगत होती, आणि माझीच भाकरी मला खा म्हणत होती. चारची चिठ्ठी कनवटीला होती. वाकले की टोचायची.